टेकडीवरचं उद्यान : वणव्याआधी काय काढायचं, काय ठेवायचं?

प्रश्न : पश्चिम_उतार

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका टेकडीवर साधारण १२ एकरांचा सार्वजनिक उद्यानाचा तुकडा आहे. उतार पश्चिमेकडे. पायथ्याला सोसायट्यांची सलग ४०० मीटर भिंत, मधून ७०० मीटरची फिरायची वाट, माथ्यावर उघडं गवताळ पठार. वरचा थोडा भाग वनखात्याचा, बाकी महापालिकेचा.

पायथ्याकडच्या तिसऱ्या हिश्श्यात गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, दाट लागवड आहे. कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांना घाणेरी माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहे आणि काही ठिकाणी झाडांवर चढली आहे. वाटेच्या कडेला रानतुळस, म्हणजे हिप्टिस, आणि नारिंगी कॉसमॉस. भिंतीलगत सुबाभूळ आणि गाजरगवत. माथ्यावर कुसळी आणि पवन्या ही गवतं चांगली कमरेपर्यंत आहेत. दर उन्हाळ्यात फेब्रुवारी ते मे या काळात एकदोन वेळा तरी खालून आग लागते आणि माथ्यापर्यंत जाते.

आत्ता ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. रविवारी २० ते २५ माणसं येतात, एरवी चार-पाच. दोन ब्रशकटर, कोयते, विळे, कुदळी, चार दाताळी आहेत. पुढच्या चार महिन्यांत कशाला आधी हात घालावा? घाणेरी लगेच काढायला घ्यावी का? गिरिपुष्प सरसकट तोडावा असं बरेच जण म्हणतात, ते बरोबर आहे का? जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, किती रुंद हवी? लेखी परवानग्यांचे अर्ज दिलेले आहेत.

उत्तर : कातळ_आणि_माती

घाणेरीला आत्ता हात लावू नका. कारण साधं आहे. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, जमीन आवळत जाते, कुदळ मुळापर्यंत पोचत नाही. माणसं मग कोयत्याने वरवर छाटतात. छाटलेल्या बुंध्यातून घाणेरी दुपटीने फुटते आणि छाटलेल्या काटक्यांचे ढीग फेब्रुवारीपर्यंत कडकडीत वाळून तिथेच पडलेले असतात. म्हणजे वणव्याच्या तोंडावर तुम्हीच सरण रचून ठेवल्यासारखं होतं. तण काढण्याचा हंगाम जुलै ते सप्टेंबर, आग रोखण्याची तयारी नोव्हेंबर ते जानेवारी. ही दोन कामं एकाच टेकडीवर, एकमेकांसाठी करायची आहेत, पण एकाच महिन्यात नाही. बहुतेक ठिकाणी गाडं इथेच अडतं.

यंदा हातात चार महिने आहेत, ते सगळे कडांना द्या. आग माथ्यावर सुरू होत नाही. ती भिंतीपलीकडे जाळलेल्या पालापाचोळ्यातून, वाटेवर टाकलेल्या विडी-सिगारेटच्या थोटकातून, पार्टीच्या चुलीतून किंवा विजेच्या तारांच्या ठिणगीतून येते. आणि गंमत नव्हे, दुखणं आहे: नको असलेल्या झाडांचं बीसुद्धा त्याच कडांनी आत येतं. सोसायटीच्या बागेतला कचरा भिंतीवरून टेकडीवर फेकला जातो, त्यात कॉसमॉसची बोंडं असतात, शोभेच्या वेलींचे तुकडे असतात. भिंत आणि वाट या दोन रेघा राखल्या की निम्म्याहून जास्त प्रश्न आटोक्यात येतो.

हिशेब मांडतो. भिंतीलगत सहा मीटर रुंदीचा पट्टा, ४०० मीटर लांब, म्हणजे २४०० चौरस मीटर, सुमारे २४ गुंठे. वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर, ७०० मीटर लांब, म्हणजे ४२०० चौरस मीटर, सुमारे ४२ गुंठे. एकूण ६५-६६ गुंठे, एक एकर पंचवीस गुंठे. बारा एकरांतला जेमतेम सातवा हिस्सा. खडकाळ उतारावर एक ब्रशकटर सकाळच्या तीन तासांत सहा-सात गुंठे कापतो असं धरा. दोन यंत्रांना पाच सकाळी पुरतात. कापणं लवकर उरकतं. माणसं लागतात ती दाताळ्याने ओढायला आणि गवत बाहेर न्यायला. पंचवीसपैकी वीस जण तिकडे लावा. कापून तिथेच सोडलेलं गवत उभ्या गवतापेक्षा सावकाश जळतं, पण जळतंच, आणि जाळरेषेवर पडलेलं असेल तर ती जाळरेषा उरत नाही.

सुरुवात नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात करा. तोपर्यंत कुसळी आणि पवन्याचं बी गळलेलं असतं. आधी कापलं तर बी जातं आणि ओल असल्यामुळे पुन्हा फुटवा येतो, तो जानेवारीत परत कापावा लागतो. कापताना आठ-दहा सेंटिमीटर खुंट ठेवा. सगळा पट्टा खरवडून उघडा करू नका; पश्चिम उतारावर पहिल्याच वळवाने माती वाहून जाईल आणि जाळरेषेची घळ होईल. पट्ट्याच्या मधोमध फक्त ४५ ते ६० सेंटिमीटरची रेघ फावड्याने मातीपर्यंत खरवडा, बाकी नुसतं कापलेलं ठेवा. ही रेघ शक्यतो समपातळीत न्या. उभी उताराला लावलेली रेघ म्हणजे पाण्याला दिलेलं आमंत्रण, शिवाय आठवड्याभरात सायकलवाले तिची नवी वाट करतात.

रुंदी गवताच्या उंचीवर आणि उतारावर ठरते. गुडघाभर गवताला सपाटीवर तीन मीटर पुरतात. कमरेएवढ्या गवताची ज्वाळा वाऱ्यात दोन-अडीच मीटर सहज जाते आणि वाकून पुढे येते, तिथे सहा मीटर हवेत. उतार दर दहा अंशांनी वाढला की चढणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच भाजून ठेवते. पुण्यात उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा असतो, तुमचा उतारही पश्चिमेचा. वारा आणि चढ एकाच दिशेला ढकलणार. म्हणून सगळ्यात रुंद पट्टा पायथ्याला हवा, माथ्यावर नाही. माथ्यावर दुसरी रेघ घ्यायची असेल तर ती धारेवर न घेता धारेच्या पलीकडे, पूर्वेकडे थोडं उतरून घ्या. तिथे आग उताराला लागते, मंदावते, आणि तिथेच ती अडवता येते.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. डिसेंबरात घेतलेली जाळरेषा फेब्रुवारीत पानांनी भरलेली असते. गिरिपुष्प नेमका थंडीत पान टाकतो. पंधरा फेब्रुवारीपासून पावसापर्यंत दर आठ-दहा दिवसांनी दाताळं किंवा ब्लोअर फिरलाच पाहिजे. रोज येणारे चार-पाच जण याच कामाला हवेत. जे एकदा करून सोडतात त्यांना वाटतं जाळरेषेचा उपयोग होत नाही.

उत्तर : डोंगरवाट

जाळरेषा कापण्यापेक्षा जाळून घेणं स्वस्त आणि पक्कं पडतं. वनखातं राखीव जंगलात पिढ्यानपिढ्या असंच करतं. दोन्ही कडा कापायच्या, सकाळी वारा पडलेला असताना मधला पट्टा जाळायचा. एका दिवसात काम होतं, गोळा करायला काही उरत नाही. बाकी सगळं बरोबर आहे.

उत्तर : कातळ_आणि_माती

डोंगरवाट, जंगलात ते योग्यच आहे, पण तिथे ते खात्याची माणसं करतात, आगीवर ताबा ठेवायला पुरेसे हात असतात आणि पलीकडे वस्ती नसते. इथे पट्ट्याला लागून भिंत आहे, पलीकडे गाड्या, गॅसच्या जोडण्या, दम्याची माणसं. कायद्याचंही आहे: भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात आग लावणं गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. स्वयंसेवकांनी काडी ओढायचीच नाही. वनखात्याच्या हद्दीतल्या भागात त्यांना जाळून घ्यायचं असेल तर ते त्यांच्या देखरेखीखाली घेतील, आपण कडा कापून द्याव्या.

दुसरं, रानतुळस आणि कॉसमॉस असलेल्या जागी जाळलं की उघडी, राख पडलेली, उन्हाची जमीन तयार होते. या दोन्हींना तीच हवी असते. पुढच्या पावसाळ्यात त्या पट्ट्यात गवताऐवजी रानतुळशीचा गालिचा उगवतो. रानतुळशीचे वाळलेले दांडे मेपर्यंत उभे राहतात, तेलकट असतात आणि गवतापेक्षा जास्त वेळ, जास्त तापून जळतात. घाणेरी आगीनंतर मुळातून फुटते, देशी रोपं मरतात. म्हणजे प्रत्येक वणवा पुढच्या वणव्याचं जळण पेरून जातो.

पश्चिम_उतार

खूप उपयोगी. मग रानतुळस आणि कॉसमॉस आत्ता ऑक्टोबरात फुलावर आहेत त्यांचं काय? आणि घाणेरी जुलैत काढायची तर नेमकी कशी? मागच्या वर्षी कापलेल्या जागी आता दाट जाळी झाली आहे.

उत्तर : मुळापासून

आधी वार्षिक तणांचं सांगतो. कॉसमॉस आणि रानतुळस उपटण्याची खरी वेळ ऑगस्ट, फुलं येण्याआधी. दुसरी फेरी सप्टेंबरच्या मध्यावर, कारण पहिल्या फेरीत लपलेली लहान रोपं तोवर वर येतात. ती वेळ गेली. आत्ता जे करता येईल ते असं: वाटेच्या कडेचा तीन मीटरचा पट्टा तेवढा घ्या. जिथे अजून फूल आहे, बी काळं झालेलं नाही, तिथे मुळासकट उपटून ढीग करा. जिथे बी पक्व झालंय, हात लावला की कॉसमॉसच्या सुया कपड्याला चिकटतात, तिथे झाड हलवू नका. शेंडे कात्रीने कापून थेट पोत्यात टाका, तोंड बांधा, मगच उचला. पोती भरून झाल्यावर कपडे आणि बुटांचे तळवे तिथेच झाडा. रानतुळशीचं बी ओलं झालं की बुळबुळीत होऊन बुटाला चिकटतं. पाऊस किंवा दव असताना त्या भागात चाललात तर तुम्हीच ते माथ्यावर नेता. म्हणून कामाची दिशा कायम चांगल्या भागाकडून वाईट भागाकडे ठेवा, उलट नको. दिवसाची सुरुवात पठारावर, शेवट भिंतीपाशी.

गाजरगवत हातमोजे आणि पूर्ण बाह्यांशिवाय उपटू नका, त्वचेला भयंकर त्रास होतो आणि एकदा ॲलर्जी सुरू झाली की ती जात नाही. देशात या तणाची पहिली नोंद १९५५ साली पुण्यातच झाली होती. फुलण्याआधी उपटलेलं गाजरगवत खतात चालतं, फुललेलं चालत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये पानांवर पांढुरके, तपकिरी रेषांचे छोटे भुंगे दिसले तर ते झायगोग्रामा. त्यांना गाजरगवतासाठीच मुद्दाम मेक्सिकोतून आणलंय. त्या ठिकाणी फवारणी करू नका. ते काम करतात, पण झाडं आधीच मोठी झालेली असली तर कमी पडतात.

आता घाणेरी. ती कुठून फुटते हे कळलं की काम सोपं होतं. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो गड्डा जमिनीलगत असतो आणि सगळे डोळे तिथे असतात. त्याखालच्या मुळातून ती फुटत नाही. म्हणून आधी कोयत्याने आजूबाजूच्या फांद्या आवरून बुंध्यापर्यंत जागा करा. मग अरुंद पात्याची कुदळ तिरकी घालून जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडा आणि गड्ड्यासकट झुडूप वर काढा. सबंध खड्डा खणायची गरज नाही, खणूही नये. ओढ्याच्या काठाची माती मोकळी केली की त्या मोकळ्या मातीत घाणेरीचंच बी आधी उगवतं. दिल्ली विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी ही पद्धत घालून दिली आणि कॉर्बेटच्या जंगलात ती वापरली गेली.

काढलेलं झुडूप उलटं ठेवा, मुळं आकाशाकडे, आणि तेही कातळावर. ओल्या मातीवर आडवं टाकलं तर पेरांतून मुळं धरतं. मागच्या वर्षी जाळी झाली ती यामुळेही असू शकते. फळं धरलेल्या फांद्या वेगळ्या करून पोत्यात.

एकदम सगळा ओढा घेऊ नका. आधी एक गुंठा मोजून काढा, किती माणसांना किती वेळ लागला ते लिहून ठेवा, मग जुलै ते सप्टेंबरच्या रविवारांत किती होईल ते ठरवा. आणि त्यातलंही निम्मंच घ्या. कारण दुसऱ्या वर्षी त्याच जागेवर बियांतून आलेली रोपं उपटायला परत जायचंय, तिसऱ्या वर्षीही. ज्या झाडांवर बुलबुल आणि साळुंक्या बसतात त्यांच्या खाली रोपं दाटीने येतात, तिथे आधी बघा. रोप वीतभर असताना दोन बोटांनी निघतं, वर्षभराने त्यालाच कुदळ लागते. परत जाणं जमणार नसेल तेवढी जागा साफ करूच नका. अर्धवट साफ केलेली जागा न केलेल्यापेक्षा वाईट होते.

यंदा घाणेरीचं एकच काम करा. जिथे ती झाडावर चढली आहे तिथे शिडी तोडा. खोडाभोवती दीड-दोन मीटरच्या घेरात तिच्या फांद्या छाटा आणि वर लटकलेला वाळका भाग ओढून खाली घ्या. खालून जाणारी गवताची आग एरवी मोठ्या झाडाची फक्त साल भाजते. घाणेरीची शिडी मिळाली की शेंड्यापर्यंत जाते. ही छाटणी फुटणार हे गृहीत धरा, ती जुलैपर्यंतची तडजोड आहे. छाटलेलं मात्र त्याच आठवड्यात टेकडीवरून खाली गेलं पाहिजे.

उत्तर : सालई_मोई

गिरिपुष्पाबद्दल लिहितो, कारण त्यावर भावनेच्या भरात निर्णय होतात.

तो मध्य अमेरिकेतला, इथला नाही, गुरं फारशी तोंड लावत नाहीत, त्याच्या दाटीत देशी रोपाला ऊन मिळत नाही, हे सगळं खरं. पण सरसकट तोडला तर पुढच्याच पावसाळ्यात त्या उघड्या जमिनीवर काय येईल? भिंतीलगत सुबाभळीचं बी पडलेलं आहे, ते मातीत दहा वर्षांहून जास्त जिवंत राहतं. वाटेकडून कॉसमॉस, ओढ्याकडून घाणेरी. सावली हा गिरिपुष्पाचा मोठा उपकार आहे आणि या तिघांनाही सावली सोसत नाही. शिवाय तोडलेला गिरिपुष्प मरत नाही. बुंध्यातून आठ-दहा फुटवे येतात आणि दोन वर्षांत आधीपेक्षा दाट रान होतं.

म्हणून विरळणी. दर वर्षी पाचातलं एक झाड, आणि तेही जिथे खाली देशी रोप लावलेलं आहे किंवा आपोआप आलेलं आहे तिथलंच. पहिल्या वर्षी भिंतीच्या पट्ट्याला लागून असलेली. कापताना बुंधा जमिनीलगत घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळे फुटवे कोवळे असतानाच हाताने मोडा. सलग दोन पावसाळे फुटवे मोडले की बुंध्यातला साठा संपतो. बुंध्यावर काळा प्लास्टिकचा कागद बांधण्याचा उपाय लोक सांगतात, पण टेकडीवर तो उन्हाने फाटतो आणि कचरा होतो.

परवानगी गिरिपुष्पालाही लागते. महापालिकेच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ प्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, वनजमिनीवर वनखात्याची लेखी मंजुरी. झाड परदेशी आहे म्हणून सूट मिळत नाही. गवतसुद्धा वनोपज आहे; वनखात्याच्या भागातलं गवत गोशाळेला द्यायचं असलं तरी ते लेखी घ्या.

पाला फेकू नका. त्यात नत्र भरपूर असतं, शेतकरी हिरवळीच्या खतासाठी मुद्दाम बांधावर लावतात. ऑगस्टमध्ये कापला तर पाला तिथेच देशी रोपांच्या आळ्यात पसरा, महिन्याभरात कुजतो. जानेवारीत गळलेली वाळकी पानं मात्र जाळरेषेपासून लांब, खड्ड्यात भरून वर माती टाका.

त्याच्या जागी काय लावायचं तर या कातळावर जे मुळात टिकतं ते: सालई, मोई, हिवर, धावडा, खैर, गणेर, पळस, पांगारा, मेढशिंगी, ओढ्याजवळ शिवण आणि करंज. मोई आणि पांगारा यांच्या मनगटाएवढ्या जाडीच्या, दीड-दोन मीटर लांबीच्या फांद्या मेअखेरीस अर्धा मीटर खोल रोवल्या तर पावसाने धरतात. रोपवाटिकेची वाट बघायला नको. भिंतीच्या बाजूला निरगुडी आणि करवंदाची ओळ लावा. करवंद जाळीसारखं वाढतं, भिंतीवरून कचरा फेकण्याची सवय काट्यामुळे कमी होते आणि पान वर्षभर हिरवं राहतं.

माथ्यावरच्या पठारावर एकही झाड लावू नका, ही हात जोडून विनंती. ते ओसाड नाही, ते गवताळ रान आहे. पातळ मातीत कंदवर्गीय फुलझाडं असतात, ती पावसाळ्यात तीन महिने दिसतात आणि उरलेलं वर्ष जमिनीत झोपतात. खड्डे खणले की तीच आधी जातात. टिटवी, चंडोल, रातवा जमिनीवर अंडी घालतात. पठारावरचं कापणीचं काम जानेवारीअखेर संपवा, त्यानंतर तिथे यंत्र नेऊ नका. आणि सगळं गवत कापू नका, आडव्या पट्ट्यांत, एक पट्टा कापलेला आणि दोन उभे.

पश्चिम_उतार

ब्रशकटर वापरताना काय सांभाळायचं? आणि आग लागलीच तर वीस-पंचवीस जणांनी नक्की काय करायचं? दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर : डोंगरवाट

यंत्राचं. आपला कातळ बेसॉल्टचा, धातूचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी पडते. वाळलेल्या गवतात नायलॉनची दोरी लावा, २.४ ते ३ मिलिमीटर जाडीची. पातं फक्त सुबाभळीच्या बोटभर जाड रोपांना, आणि ते पावसाळ्यात. डिसेंबर-जानेवारीत काम सकाळी सातला सुरू करून दहाला थांबवा, दव असतं तोवरच. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ब्रशकटर बंद, कापायला फक्त विळा. टू-स्ट्रोक यंत्राला पेट्रोलमध्ये तेल कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात घाला: ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे लिटरला ४० मिली. अंदाजाने ओतलं की एकतर पिस्टन धरतो नाहीतर सायलेन्सरमध्ये काजळी साचून निखारे उडतात. पेट्रोल भरताना यंत्र दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि भरा ते उघड्या कातळावर. गवतात सांडलं आणि गरम सायलेन्सर टेकला की झालं. प्रत्येक यंत्रामागे पाठीवरच्या १६ लिटरच्या फवारणी पंपासह एक माणूस. गरम यंत्र गवतावर आडवं ठेवून चहाला जायचं नाही.

गवताची काडी तासाभरात हवेइतकी कोरडी होते. सकाळी आठला ओलसर वाटणारं गवत अकराला पेटायला तयार असतं, म्हणून वेळेवर एवढा भर देतोय. मनगटाएवढी फांदी सुकायला काही दिवस घेते, पण पेटली की विझायलाही तेवढीच चिवट.

आग दिसली की आधी फोन: अग्निशमन दलाला १०१, वनखात्याच्या हॅलो फॉरेस्टला १९२६. गोंधळ मुख्यतः जागा सांगताना होतो. वाटेवर दर १०० मीटरवर दगडावर किंवा खांबावर ठळक क्रमांक रंगवा, प्रत्येक क्रमांकाची गुगल नकाशावरची जागा आणि गाडी कुठपर्यंत येते ते एका कागदावर लिहून दलाच्या जवळच्या केंद्राला जानेवारीतच नेऊन द्या. ‘टेकडीला आग लागलीय’ यापेक्षा ‘चार नंबरच्या खांबाच्या वर, गाडी मागच्या फाटकातून’ हे ऐकून गाडी योग्य दारी पोचते. उपग्रहावर विसंबू नका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या वन अग्नि पोर्टलवर नाव नोंदवलं तर मोबाइलवर सूचना येतात, नोंदवाच, पण उपग्रह ठरावीक वेळेलाच डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा. टेकडीची आग अर्ध्या तासात लागून विझूनही जाते.

विझवायला कोण उतरेल हे आधी ठरलेलं हवं. सुती पूर्ण कपडे, चामड्याचे बूट, तोंडाला ओला सुती फडका. नायलॉनची ट्रॅक पँट आणि टी-शर्ट अंगाला चिकटून वितळतात, ते घालून आलेल्याला परत पाठवा, कितीही उत्साही असला तरी. ज्वाळा गुडघ्याखाली असेल तरच जवळ जा. त्याहून मोठी असेल तर जाळरेषेवर थांबा आणि पलीकडे उडणाऱ्या ठिणग्या विझवा. आगीच्या वर, चढावर कधीही उभं राहायचं नाही आणि तिच्यापुढे वर पळायचं नाही; माणूस चढावर आगीपेक्षा हळू असतो. मागून किंवा बाजूने जा, जळून काळ्या झालेल्या भागात पाय ठेवून. काही बिनसलं तर सुटकेची जागा तीच, काळी जमीन.

हिरव्या पानांच्या फांदीने झोडपताना फांदी डोक्यावर उचलू नका, निखारे मागे उडतात. ज्वाळेच्या बुडावर दाबायची, क्षणभर तशीच ठेवायची, जळालेल्या बाजूकडे ओढायची. फवारणीच्या पाण्यात १६ लिटरला दोन चमचे भांडी घासायचं द्रव घातलं तर पाणी गवतावरून ओघळत नाही, भिजवतं. २०० लिटरचे दोन पिंप वाटेवर ठेवले तर पंप भरायला खाली यावं लागत नाही. झाकण घट्ट हवं, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

विझल्यावर निघून जाऊ नका. वाळलेली शेणाची गोवरी, वाळवी लागून पोकळ झालेला गिरिपुष्पाचा बुंधा आणि घाणेरीचा जुना गड्डा तासन्‌तास आतून धुमसतात, धूरही दिसत नाही. हाताचा तळवा न टेकवता, उलटा हात वीतभर अंतरावर धरून उष्णता बघा. दोन जण दोन तास थांबतात, संध्याकाळी एक फेरी, दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटायच्या आधी आणखी एक.

उत्तर : कातळ_आणि_माती

एक राहिलं होतं. भिंतीपलीकडच्या सोसायट्यांशी बोलायला जाल तेव्हा हातात काहीतरी घेऊन जा. उघड्यावर कचरा जाळल्यास राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१६ च्या आदेशाप्रमाणे ५००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड आहे, हे सांगून माणसं घाबरतात, पण सवय बदलत नाही. माळ्याला पाचोळा कुठेतरी टाकायचाच असतो. भिंतीच्या आतल्या बाजूला एक मीटर व्यासाची तारेच्या जाळीची गोल टाकी उभारून द्या. पाचोळ्याच्या वीतभर थरावर पाटीभर शेणकाला, आठवड्याला पाणी. होळीच्या आधी टाकी उभी राहिली तर यंदाच फरक दिसेल. आणि विजेच्या तारा किंवा रोहित्र टेकडीला लागून असेल तर त्याखाली पाच मीटर गवत जानेवारीत कापलेलं हवं, वीज कंपनीला लेखी कळवून.

पश्चिम_उतार

सगळ्यांचे आभार. शेवटचं विचारतो, घाणेरी काढलेल्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात गवत पेरायचं तर बी आत्ताच गोळा करायला हवं ना? किती?

उत्तर : सालई_मोई

हो, आणि तुमच्याच माथ्यावरचं घ्या, बाहेरून विकत नको. विकतच्या पोत्यात कोणतं तण येईल सांगता येत नाही. पवन्या आणि मारवेल घ्या. कुसळी घेऊ नका, ती आपोआप येते आणि तिची कुसळं फिरणाऱ्यांना आणि कुत्र्यांना रुततात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तुरा पिवळसर झाला की मूठभर तुरे एकत्र धरून हलक्या हाताने ओरबाडायचे. पिकलेलं बी हातात येतं, कच्चं तुऱ्यावर राहतं. एका जागी निम्म्याहून जास्त घेऊ नका. हेक्टरी पाच-सहा किलो लागतं, म्हणजे तुम्ही एका हंगामात दहा गुंठे घाणेरी काढणार असाल तर अर्धा-पाऊण किलो पुरे. सावलीत चार दिवस वाळवून कापडी पिशवीत, उंदरांपासून लांब टांगून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. ताजं बी लगेच नीट उगवत नाही, त्याला उन्हाळाभर विश्रांती लागते, त्यामुळे घाई करण्याचं कारण नाही. पेरणी मात्र त्याच दिवशी, झुडूप काढल्याबरोबर: एक भाग बी, चार भाग बारीक माती आणि शेणखत असं कालवून हाताने पसरा, दाताळ्याने सेंटिमीटरभर खाली जाईल इतकंच झाका. खोल गेलं तर उगवत नाही. जुलै सरायच्या आत पेरलेलं थंडीपर्यंत मूळ धरतं; सप्टेंबरात पेरलेलं बहुतेक वाळून जातं, तेव्हा त्या महिन्यात काढलेल्या जागेवर गवताऐवजी गिरिपुष्पाचा ओला पाला वीतभर पसरून जमीन झाकून ठेवा आणि पेरणी पुढच्या जूनला.

फक्त एक पाळा: तो पाला फेब्रुवारीआधी पूर्ण कुजलेला नसेल तर उचलून घ्या.